आईचे गुडघे

मिठागराच्या बांधावर एका पाखराने मला पहिल्यांदा बनवलं तेव्हा मी तिसरीत असेन. चिमणीहून थोडं मोठं, मातकट पाठीचं, पांढऱ्या पोटाचं पाखरू. त्याला पुस्तकात चिखल्या म्हणतात हे मला पुढे कॉलेजात कळलं. आमच्या गावात त्याला वेगळं नाव द्यायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. ते माझ्यापुढे बांधावरून घसटत चाललं होतं. एक पंख मातीत लोळत होता, दुसरा नुसता फडफडत होता, आणि मधूनच ते एका अंगावर कलंडायचं. बिचाऱ्याचा पंख मोडला असं मला वाटलं. उचलून घरी न्यावं, हळद लावावी, असा माझा बेत. मी दोन पावलं टाकली की ते चार पावलं पुढे सरकायचं. असं करत त्याने मला बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, आणि तिथे पोचल्यावर छान धडधाकट उडून गेलं.

मागे आई पोट धरून हसत होती. बाची, म्हणजे माझ्या वडिलांची, भाकरी घेऊन आम्ही दोघी मिठागरावर निघालो होतो, तिच्या डोक्यावर टोपली होती आणि हसताना ती टोपली डुगडुगत होती.

"येडी बनवलान तुला," ती म्हणाली. "ते जिथं नेतंय तिथं नाय बघायचं गो. जिथनं नेतंय तिथं बघायचं."

मग तिने मला परत आणलं आणि बोटाने दाखवलं. पायाखालच्या उघड्या मातीत बशीएवढा खळगा, त्यात थोडे शंखांचे तुकडे, आणि त्यांच्यात मिसळून गेलेली मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची तीन अंडी. मघाशी मी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेले होते. आईने मला हात लावू दिला नाही. आम्ही लांबून वळसा घालून बाजवळ गेलो.

आमची थोडी भातशेती होती आणि बाकीचं वर्ष बा मिठागरावर असायचा. गावाच्या बांधाला एक उघाडी होती, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायला किंवा अडवायला बसवलेलं लाकडी फळ्यांचं दार. भरती-ओहोटी बघून त्या फळ्या कधी उचलायच्या आणि कधी सोडायच्या हे काम बाचं होतं. रोज सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी तो उघाडीवर जाऊन यायचा. पुढे मिठागर बंद पडलं, शेती गेली, बांधाच्या पलीकडे कांदळवन माजलं, अलीकडे मोठा रस्ता आला आणि त्यावरून न्हावा शेवाच्या कंटेनरांची रांग सुरू झाली. उघाडीच्या फळ्या कुजून गेल्या, नुसता दगडी सांगाडा उरला. बाचं सकाळी तिथे जाणं मात्र सुटलं नाही.

मी शिकले, जीवशास्त्राची शिक्षिका झाले, पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात लागले आणि लग्न होऊन नवीन पनवेलला राहायला आले. प्राण्यांचं वर्तन कसं घडतं हा माझा सगळ्यात आवडता विषय. अभ्यासक्रमात त्याला जागा जेमतेम, पण मी ती ओढूनताणून वाढवते. मुलं विचारतात, परीक्षेला आहे का? मी म्हणते, नाही, आयुष्याला आहे. मुलं हसतात आणि मोबाईल काढतात.

चिखल्याची गोष्ट मी दर वर्षी सांगते. फळ्यावर पाखरू काढते, ते कुत्र्यासारखं दिसतं, त्यावर वर्ग खूश होतो. मग सांगते, हे पाखरू नाटक करतंय असं आपण म्हणतो, पण त्याला नाटक म्हणजे काय ते ठाऊक नाही. कोल्हा घरट्याकडे येताना दिसला की त्याच्या अंगात दोन ओढी एकदम उठतात, पळ आणि थांब. फार फार पूर्वी कुठल्या तरी पाखराच्या अंगात या दोन ओढींची अशी काही गल्लत झाली की ते धड उडेना, धड बसेना, नुसतं अडखळत राहिलं. कोल्ह्याला वाटलं, सोपी शिकार. तो त्याच्यामागे गेला आणि अंडी वाचली. जी जास्त अडखळली त्यांची पिल्लं जास्त जगली, ती पिल्लंही अडखळणारी निघाली, आणि अशा हजारो पिढ्यांनी ते लंगडणं इतकं हुबेहूब केलं की आज माणूससुद्धा फसतो. पाखरू खोटं बोलत नाही. त्याच्या अंगातून ते आपोआप येतं. निदान असं मानतात.

हे सगळं मी वीसेक वर्षं शिकवत आले, आणि त्या काळात केव्हातरी आईचे गुडघे दुखायला लागले.

आगरी बायकांचे गुडघे दुखणं यात नवल काही नाही. जन्मभर डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्यावर दुसरं काय होणार? पण आईने त्या दुखण्याचा जो गाजावाजा केला तो तिच्या स्वभावाला धरून नव्हता. ही तीच बाई, जिने पायात काचेचा तुकडा असताना अख्खं लग्नघर सांभाळलं होतं. आता फोन केला की पहिलं वाक्य गुडघ्यांचं. "जाम दुखतान गो बाय." घरी गेलं की ती ओटीवर, दाराच्या चौकटीला पाठ लावून, एक पाय लांब पसरून बसलेली. त्या पायाला ओलांडून आत जाणं बरं दिसायचं नाही, म्हणून आम्हीही ओटीवरच बसायचो. चहा तिथेच यायचा. तो कोण करायचं? तीच करायची, कण्हत कण्हत, आणि आम्हाला उठू द्यायची नाही. बा आत झोपलेला तरी असायचा, नाहीतर उघाडीवर गेलेला असायचा. आलाच तर खुर्चीत बसायचा, हसायचा, मान हलवायचा. तो मुळातच कमी बोलणारा. आम्ही काही विचारलं की आईच उत्तर द्यायची आणि उत्तराच्या शेवटाला तिचे गुडघे हमखास यायचे.

गावातल्या हळदी आमच्याकडे लग्नाहून मोठ्या असतात. आई-बा हळदीला जायचे बंद झाले. का, तर गुडघे. माझ्याकडे राहायला या म्हटलं, तर गुडघे. मोठा भाऊ, म्हणजे दादा, न्हावा शेवाला कंटेनरच्या कामात आहे. तो स्वभावाने मोठ्या आवाजाचा आणि मऊ मनाचा. त्याने आईच्या गुडघ्यांसाठी जे जे बाजारात मिळतं ते सगळं आणलं. पट्टे, तेलं, शेकायच्या पिशव्या, चार पायांची काठी, आणि एक मालिश करणारं यंत्र, ज्याचा आवाज ऐकून शेजारची कुत्री भुंकायची. पनवेलच्या एका हाडांच्या डॉक्टरकडे तिला नेलं. त्याने एक्स-रे बघून सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम गुडघे आहेत. दादा बाहेर आला तो डॉक्टरला शिव्या देतच. याला काही कळत नाही, आपण दुसरा बघू. आई गाडीत मागे बसून खिडकीबाहेर बघत होती.

एकदा उरणला प्रॅक्टिकल परीक्षेचं काम होतं, ते लवकर आटपलं. एरवी मी फोन केल्याशिवाय घरी जात नसे. त्या दुपारी म्हटलं, रस्त्यातच तर आहे, आणि रिक्षा गावाकडे वळवली. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. मला बघताच तिने हातातला पिळा तसाच बादलीत टाकला, ओटीवर आली, दारात बसली आणि पाय पसरला.

"आय गो, माजा गुडगा," ती म्हणाली. "बस बाय. उनाची आलीस. बाम लावतेस काय जरा?"

मी बाम लावायला बसले. तेवढ्यात आत काहीतरी मोठ्याने पडलं, पितळी भांड्याचा आवाज. आई उठली आणि आत गेली. कशी गेली ते मी पाहिलं. शाळा सुटल्यावर पोर धावते तशी गेली. जरा वेळाने परत आली ती लंगडत, आणि मघाशी बाम लावत होते त्या पायावर नव्हे, दुसऱ्याच पायावर.

"मांजर," ती म्हणाली आणि पुन्हा दारात बसली.

माझ्या बोटांना अजून बाम होता. त्या आठवड्यातच मी वर्गात तो कुत्र्यासारखा चिखल्या काढला होता. मला एकदम कळलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, आनंद झाला. इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट डोळ्यांपुढे घडताना दिसली की शिक्षकाला होतो तसला आनंद. ती मला जिथे नेत होती तिथे बघायचं मी थांबवलं. जिथून नेत होती तिथे बघितलं. तिनेच तर शिकवलं होतं.

"बाय, बस. चा टाकते," आई म्हणाली. मी उठले. "बाय, या पायाला पन लाव ना." मी तिचा पाय ओलांडला. "अगो, जाम दुखतान, खरंच." मी आत गेले.

स्वयंपाकघरात बा उकिडवा बसला होता. तांदळाच्या पिठाचा डबा रिकामा करून, ते पीठ पाण्यात कालवून, त्याने फरशीवर हातभर लांबीचे बांध घातले होते. सरळ, एकसारखे, कोपरे दाबून पक्के केलेले. त्या बांधांमध्ये चौकोनी वाफे झाले होते आणि त्यात तो पितळी तांब्याने पाणी सोडत होता, अगदी हळू, पीठ वाहून जाऊ नये इतकं हळू. घागर आडवी पडली होती. त्याने वर पाहिलं. चेहरा शांत होता, पण ओळख नव्हती. परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने तो म्हणाला, "पाय सांबाला बाई. बांध कच्चा हाय."

मी जागच्या जागी उभी राहिले. मागे दारात आई येऊन उभी होती, दोन्ही पायांवर नीट. ती म्हणाली, "दादाला नको सांगू."

तिने कधीपासून हे झाकून ठेवलं होतं ते मला नंतर गावातून तुकड्यातुकड्याने कळलं. बाचं विसरणं सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त आम्हा दोघा शिकलेल्या मुलांना नव्हतं. सकाळी तो उघाडीवर जायचा ती वाट त्याच्या पायांना येत होती. घरापासून देवळापर्यंत, देवळाच्या मागून बांधावर, आणि सरळ. जाताना कुणी अडवायचं नाही. परत येताना क्वचित रेंगाळला तर दुकानवाला हाक मारून म्हणायचा, "आबा, घराला चला, भाकरी झाली." मासे विकणारी बाई त्याला चालता चालता घरापर्यंत सोडायची. घरात आई होती. ती त्याला आंघोळ घालायची, त्याच्या वतीने बोलायची, आणि त्याने घातलेले पिठाचे बांध पुसून काढायची. आईला तो ओळखत होता. दुसरं कुणी आठवलं नाही तरी तिला नावाने हाक मारत होता.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी वेगळं वागले असते की नाही, सांगता येत नाही. मी त्याच संध्याकाळी दादाला सांगितलं. दादा फोनवर रडला आणि मग मोठ्या आवाजात कामाला लागला. माझ्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता, तो भाड्याने घ्यायचं ठरलं. दवाखाना कोपऱ्यावर, खाली वॉचमन, दिवसभर सांभाळायला बाई ठेवता येईल, मी दोन मजले वर. यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती. आजही कुणी विचारलं तर मी हाच सल्ला देईन, आणि देताना माझी जीभ अडखळेल.

आम्ही दोघं आईला सांगायला गेलो. ती ओटीवरच बसली होती. बा आत होता. आता बाच्या विसरण्याचं आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तरी तिने पाय पसरलाच.

"आमी इथंच बरे हाव," ती म्हणाली. "मना जिने नाय चढवत."

दादा म्हणाला, "आय, लिफ्ट हाय."

"लिफ्टीत उबं ऱ्हावं लागतं. माजे गुडगे धरतान."

"लिफ्टमधे खुर्ची ठेवीन मी," दादा म्हणाला, आणि तो खरंच ठेवणाऱ्यांपैकी आहे.

"तिकडची फरशी गार आसंल."

"चटई टाकू."

"संडास कसलं?"

"खुर्चीचं हाय."

असं कितीतरी वेळ चाललं. ती एकेक गुडघा पुढे करत होती आणि दादा एकेक उपाय सांगत होता. बाविषयी ती एक अक्षर बोलली नाही. बाला इथली वाट येते, तिथली येणार नाही, हे वाक्य तिच्या ओठांवर असणार. पण ते बोलायचं तर घरट्याकडे बोट दाखवावं लागलं असतं, आणि तेवढं तिच्याने होईना. मी तिच्यासमोर बसून होते. तिने दोनदा माझ्याकडे बघितलं. वर्गात मी हीच गोष्ट सांगते तेव्हा कोल्हा कायम फसतो. फसला नाही तर काय, असं आजवर एकाही मुलाने मला विचारलेलं नाही. मी खाली बघत राहिले. शेवटी आईने पसरलेला पाय पोटाशी घेतला आणि म्हणाली, "बरं."

फ्लॅट चांगला होता. सकाळचं ऊन यायचं, खिडकीतून समोरचं मैदान दिसायचं. बा पहिल्या दिवशी उठला आणि सवयीने निघाला. घराचं दार त्याच्या हिशोबाने जिथे असायला हवं होतं तिथे कपाट होतं. तो कपाटासमोर उभा राहिला. आईने हाताला धरून त्याला वळवलं, तो पुन्हा कपाटाकडे गेला. आम्ही त्याला खाली फिरायला न्यायचो, बागेत, बाकांवर. पण तिथून कुठेच बांध लागत नव्हता. थोडे दिवस त्याने शोधलं. मग शोधणं सोडलं, आणि एकदा सोडल्यावर चालणंही सोडलं.

मला जे सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं आहे. फ्लॅटमध्ये आल्यावर काही महिन्यांतच तो आईला ओळखेनासा झाला. ती घास भरवायला बसली की मागे सरायचा आणि माझ्याकडे बघून विचारायचा, "ही बाई कोन? कुनाची?" आई म्हणायची, "शेजारची हाय मी. खा." पुढे पुढे ती स्वतःहूनच सांगायची, "शेजारची आले हो," म्हणजे तो घाबरायचा नाही. पन्नासेक वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याच्या घरात ती रोज सकाळी शेजारीण म्हणून शिरायची. मी दारात उभी राहून ते ऐकायचे आणि कॉलेजला जायचे.

डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच वाढतो, गावातही हेच झालं असतं. असेल. पण पडताळून बघायचं तर तसलेच दोन बा लागतात, एक गावात ठेवायला आणि एक फ्लॅटमध्ये आणायला. माझ्याकडे एकच होता.

त्या दिवसांत मी माझ्या विषयाशी पुष्कळ भांडले. चिखल्याचं लंगडणं अंड्यांसाठी असतं, तिथे हिशोब जुळतो. अंडी वाचली की तो स्वभाव पुढे जातो. पण आईला आता कुठलं पिल्लू वाचवायचं होतं? आम्ही दोघं पन्नाशीला टेकलेलो. बा म्हातारा, आजारी, पुढे काहीही न देणारा. निसर्गाच्या हिशोबात अशा जिवासाठी कुणी पंख मोडल्याचं सोंग करायचं काही कारण नाही. मी स्वतःला समजावायचे की पिल्लांसाठी घडलेली ओढ पिल्लं मोठी झाली म्हणून संपत नाही, ती जे दुबळं दिसेल त्याला जाऊन चिकटते. हे उत्तर परीक्षेत लिहिलं तर मी पूर्ण गुण देईन. जेवताना आईकडे बघितलं की ते अपुरं वाटायचं. आणि एक गोष्ट तर मला अजूनही सुटलेली नाही. पाखराला आपण काय करतोय ते ठाऊक नसतं. आईला ठाऊक होतं. लंगडताना पाय चुकला तेही तिला ठाऊक होतं, आणि मी ते पाहिलंय हेही.

बा गेला तो हिवाळ्याच्या शेवटी, छातीत कफ होऊन. शेवटच्या दिवशी त्याने आईचा हात धरला होता, पण तो तिचा म्हणून धरला की शेजारणीचा म्हणून, ते तिने आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दिवस गावातल्या घरी केले. ते आटपल्यावर दादाने फ्लॅटचा विषय काढला, तर आई म्हणाली, मी इथेच राहणार. या वेळी तिने कसलंही कारण दिलं नाही, आणि आम्हीही कसला उपाय सुचवला नाही.

एप्रिलात मी एका सकाळी तिच्याकडे गेले. ती तयारच होती. "चल, उगाडीवर जाऊन येव," म्हणाली, आणि चपला न घालताच निघाली. देवळापर्यंत मी तिच्याबरोबर होते. देवळाच्या मागे चढ लागतो, तिथे मी मागे पडले. बांधावर पोचेपर्यंत मला धाप लागली होती आणि ती पुढे झपझप चालली होती, पदर खोचून, मिठाच्या पाट्या वाहायची तेव्हा चालायची तशी. चार पायांची काठी, पट्टे, ते भुंकवणारं यंत्र, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी मागून हाक मारली, "आय, हळू. गुडघे?"

ती थांबली नाही. "आता कशाला दुखतील गो?" म्हणाली.

मी तिथेच उभी राहून रडले. तिने ऐकलं असेल, पण मागे वळून बघितलं नाही. मला त्याचं बरं वाटलं. डोळे पुसून मी पुन्हा चालायला लागले तेव्हा ती उघाडीच्या थोडं अलीकडे थांबली होती आणि हात मागे करून मला थांब अशी खूण करत होती.

तिच्यापुढे बांधाच्या मातीवर एक चिखल्या होता. आम्हाला बघून त्याने एक पंख खाली सोडला, एका अंगावर कलंडला आणि अडखळत खाडीच्या बाजूला सरकायला लागला. मी सवयीने मागे बघितलं, तो जिथून आला होता तिकडे. मातीत खळगा दिसला. पाऊल पुढे टाकणार तोच आईने माझं मनगट धरलं.

"तिकडं नको बघू," ती म्हणाली. "जा त्याच्या मागनं थोडी. बरं वाटंल त्याला."

मी गेले. ते पाखरू पंख ओढत पुढे आणि मी त्याच्यामागे, बांधाच्या टोकापर्यंत. आई मागे उभी होती. या वेळी ती हसली नाही.